जोड ट्रेलरचा, प्रश्न जिवाचा

उसाचा हंगाम सुरू झाला, की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. साखर कारखान्याकडे निघालेला, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चढ चढू लागतो आणि त्याची पुढची चाके जमिनीवरून उचलली जातात. मागून मोटारीने येणारा शहरी माणूस ते कुतूहलाने पाहतो आणि संधी मिळताच पुढे निघून जातो. वास्तविक त्या क्षणी चालकाच्या हातातील स्टिअरिंग निरुपयोगी झालेले असते. याचे खापर आपण सहसा जादा उसावर किंवा चालकाच्या बेफिकिरीवर फोडतो. ते चुकीचे नाही. तथापि मूळ प्रश्न असतो तो ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधील जोडाचा. भार नेमका कोठे टेकतो आणि तो जोड किती भार पेलू शकतो, या दोन गोष्टींवर रस्त्यावरच्या सर्वांचीच सुरक्षितता अवलंबून असते.

ट्रॅक्टरचा हुक मागच्या आसाच्याही मागे असतो. मागचा आस हा तराजूच्या दांडीचा मध्य मानला, तर हुकावर पडणारे वजन ट्रॅक्टरचे शेपूट खाली दाबते आणि तोंड वर उचलते. चढावर ट्रॉलीची ओढ त्यात आणखी भर घालते. मोठ्या मालवाहू ट्रेलरमध्ये हा दोष टाळण्यासाठी जो जोड वापरला जातो, त्याला ‘फिफ्थ व्हील’ म्हणजे पाचवे चाक म्हणतात.

नाव चाकाचे, काम जोडाचे

हे चाक फिरत रस्त्यावरून जात नाही. घोड्यांच्या चारचाकी गाड्यांत पुढचा आस वळावा म्हणून गाडीचा सांगाडा आणि आस यांच्यामध्ये एक आडवे लोखंडी कडे बसवत. चार चाकांखेरीजचे हे पाचवे, म्हणून हे नाव पडले. उसाच्या चारचाकी ट्रॉलीच्या पुढच्या चाकांवर जी गोल फिरती तबकडी दिसते, ती याच कुळातली. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारट्रक आले आणि ही कल्पना ट्रकच्या पाठीवर जाऊन बसली.

आजचे पाचवे चाक म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेली, मागच्या बाजूला खाच असलेली पोलादी तबकडी. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली ‘किंगपिन’ नावाची जाड खुंटी असते. ट्रक मागे घेतला, की ही खुंटी खाचेतून आत शिरते आणि तबकडीचा जबडा तिला पकडतो. ट्रेलरचे पुढचे वजन तबकडीवर टेकते आणि ओढ खुंटीवर येते. तबकडी मागच्या आसाच्या किंचित पुढे बसवलेली असल्याने काही वजन पुढच्या चाकांवरही जाते. साहजिकच चढावर स्टिअरिंग हलके पडत नाही.

निवड कशी करावी?

पहिला प्रश्न किंगपिनच्या मापाचा. जगभर दोन मापे रूढ आहेत: दोन इंची, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटर आणि साडेतीन इंची, म्हणजे सुमारे ९० मिलिमीटर. नेहमीच्या मालवाहतुकीला दोन इंची पिन पुरेशी ठरते. अतिअवजड यंत्रसामग्रीसाठी साडेतीन इंची लागते. जबडा आणि पिन एकाच मापाचे हवेत. जुना ट्रेलर एकीकडून आणि ट्रक दुसरीकडून घेताना हे माप स्वतः मोजून पाहणे हिताचे. मोठ्या जबड्यात लहान पिन बसवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय.

दुसरा प्रश्न क्षमतेचा. पाचव्या चाकाच्या पट्टीवर दोन आकडे कोरलेले असतात. एक तबकडीवर टेकणाऱ्या वजनाची मर्यादा सांगतो. दुसरा, ज्याला ‘डी’ मूल्य म्हणतात, ओढीचा जोर पेलण्याची मर्यादा किलोन्यूटनमध्ये सांगतो. दोन्ही मर्यादा पाळल्या गेल्या पाहिजेत. एकच पाहून चालत नाही.

‘डी’ मूल्याचे गणित अवघड नाही. टेकलेल्या भारासह ट्रकचे एकूण वजन आणि ट्रेलरचे एकूण वजन यांचा गुणाकार करावा व त्याला ०.६ ने गुणावे. दोन्ही वजनांच्या बेरजेतून तबकडीवर टेकलेला भार वजा करून येणाऱ्या संख्येने त्याला भागावे आणि उत्तराला ९.८१ ने गुणावे. समजा, ट्रक १८ टन, ट्रेलर ३४ टन आणि टेकलेला भार ११ टन आहे. उत्तर सुमारे ८८ किलोन्यूटन येते. सर्रास वापरल्या जाणाऱ्या दोन इंची जोडांची क्षमता १५० किलोन्यूटनच्या आसपास असल्याने येथे चिंता नाही. परंतु ट्रक ३३ टन, ट्रेलर ८० टन आणि टेकलेला भार २० टन धरला, तर हेच उत्तर १६७ वर जाते. तेथे नेहमीचा जोड अपुरा ठरतो. त्याहून अधिक क्षमतेचाच घ्यावा लागतो.

हा हिशेब आपल्या भागात केवळ पुस्तकी नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठार, ठोसेघरजवळील चाळकेवाडी आणि सांगली जिल्ह्यातील ढालगाव परिसरात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांची लांबलचक पाती, मनोऱ्यांचे नळकांड्यांसारखे भाग आणि अवजड यंत्रे ट्रेलरवर लादून पठारावर न्यावी लागली. अशा मालासाठी वजनाइतकेच घाटाचे वळण महत्त्वाचे ठरते.

घाट आणि झुकाव

म्हणूनच तिसरा प्रश्न झुकावाचा. नेहमीची तबकडी केवळ पुढे-मागे झुकते. आडव्या दिशेने ती झुकत नसल्याने ट्रक आणि ट्रेलर एकमेकांना कलंडण्यापासून सावरतात. उंच माल लादला असेल, तर हेच गुण उपयोगी पडतात. याउलट अतिशय ताठ सांगाड्याचा ट्रेलर ओबडधोबड रस्त्यावर न्यायचा असेल, तर सांगाड्याला पीळ बसू नये म्हणून चारही दिशांना झुकणारी तबकडी वापरतात. मात्र ती घेतल्यास कलंडण्याचा धोका वाढतो, हे विसरता कामा नये. खंबाटकीसारख्या घाटात उंच माल घेऊन जाणाऱ्याने ही निवड जाणकाराला विचारूनच करावी.

चौथा प्रश्न जागेचा आणि उंचीचा. तबकडी फार पुढे बसली, तर पुढच्या आसावर अतिरिक्त भार येतो आणि वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनला लागू शकतो. मागच्या आसाच्या मागे गेली, तर उसाच्या ट्रॅक्टरचीच गत होते. ट्रेलर फार उंच राहिला, तर पिन जबड्यात नीट शिरत नाही. वरच्या वर अडकल्यासारखी वाटते आणि वाटेत निसटते.

चांगला जोडही देखभालीवाचून टिकत नाही. तबकडीला नियमित ग्रीस लागते. दोन इंची पिन झिजून ४९ मिलिमीटरवर किंवा साडेतीन इंची पिन ८६ मिलिमीटरवर आली, की ती बदललीच पाहिजे. वेल्डिंगने भरून काढणे हा उपाय नव्हे. जोडणी झाल्यावर खाली उतरून, बॅटरीच्या उजेडात जबडा पिनभोवती पूर्ण मिटला आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. तबकडी आणि ट्रेलर यांच्यात फट राहता कामा नये. मग ट्रेलरचे ब्रेक लावून ट्रक हलकेच पुढे ओढून पाहावा. या साऱ्याला पाच मिनिटे लागतात.

ट्रॅक्टरला पाचवे चाक बसवता येत नाही, हे खरे. परंतु नियम तोच: हुकाच्या क्षमतेबाहेर वजन घालू नये, माल ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला रचू नये, पिनला खिळ असावी आणि सुरक्षा साखळी असावी. ट्रॉलीला ब्रेक नसेल, तर उतारावर तीच ट्रॅक्टरला ढकलते, याची जाणीव ठेवावी. ऊस एक खेप उशिरा पोहोचला, तर नुकसान रुपयांत मोजता येते. सुटलेली ट्रॉली मात्र मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला विचारत नाही, की जोड कोणी आणि का स्वस्तात घेतला. म्हणून जोडाची निवड ही मालकाची खासगी बाब नसून रस्त्यावरील प्रत्येकाचा प्रश्न आहे.