तेलावरचा क्लच मऊ पडला तर



आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच तारेवर चालतो. तार सैल पडली तर स्क्रू फिरवून ताणता येते, तुटली तर नवी टाकता येते. पण मोठ्या इंजिनाच्या काही गाड्यांना तारेऐवजी तेलावरचा, म्हणजे हायड्रॉलिक क्लच असतो. अशी गाडी जुन्या बाजारातून घेतली आणि एक दिवस क्लच दाबूनही गिअर पडेना, की पहिला सल्ला मिळतो, "प्लेटा गेल्या, इंजिन खोला." थोडं थांबा. खर्च करण्याआधी लिव्हर हाताला कशी लागते ते बघा. दुखणं तेलात आहे की प्लेटांत, हे बहुतेक वेळा तीच सांगते.

या क्लचची रचना साधी आहे. हँडलवर तेलाची डबी आणि तिच्या पोटात एक छोटा दट्ट्या असतो. लिव्हर दाबली की दट्ट्या तेल पुढं ढकलतो. ते नळीतून इंजिनाजवळच्या दुसऱ्या दट्ट्यापर्यंत जातं आणि तो क्लचच्या प्लेटा मोकळ्या करतो. तेल दाबलं तरी आकसत नाही, हवा आकसते. त्यामुळं नळीत हवेचा बुडबुडा शिरला, की हाताचा जोर त्या बुडबुड्यातच जिरतो आणि प्लेटा अर्धवट सुटतात. क्लच दाबूनही गाडी पुढं सरकते, न्यूट्रल लागत नाही. मागं दुधाचे कॅन आणि समोर फाटक असेल, तर हे धोक्याचं आहे.

आता परीक्षा. लिव्हर स्पंजासारखी मऊ लागत असेल आणि भराभर तीन-चार वेळा दाबल्यावर कडक होत असेल, तर आत हवा आहे. दाबून धरली असता ती हळूहळू हँडलकडे बुडत असेल, तर कुठलं तरी रबरी सील झिजलेलं आहे. लिव्हर पहिल्यासारखी घट्ट असूनही गिअर अडत असेल, तर तेलाला दोष देऊ नका. गाडी पावसाळाभर उभी राहिली असेल तर प्लेटा एकमेकींना चिकटतात, किंवा प्लेटा वाकलेल्या असतात.

उलट तक्रारही असते. इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही. यात प्लेटा झिजलेल्या असू शकतात, किंवा मोटारीचं इंजिन ऑइल ओतलेलं असू शकतं. ओला क्लच असलेल्या मोटारसायकलीला 'जासो एमए' असा शिक्का असलेलंच इंजिन ऑइल लागतं. आणखी एक कारण हमखास नजरेतून सुटतं. हँडलवरच्या डबीच्या तळाशी, तेल परत येण्यासाठी, सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ते गाळानं बुजलं तर गरम झालेलं तेल परत येत नाही आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. थंड गाडी नीट चालते आणि गरम झाली की क्लच सरकतो, असं असेल तर आधी हे भोक साफ करा. विजेच्या वायरीतली एक बारीक तार त्याला पुरते.

गळती शोधायची ती डबीपासून खाली. लिव्हरच्या बुडाशी ओल आहे का बघा, मग नळीचे जोड बघा. खालचा दट्ट्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या चेनचक्राजवळ असतो. शेतवाटेचा चिखल आणि चेनचं ग्रीस तिथंच साठतं आणि सील खातं. तिथं ओल दिसली, तर ती इंजिन ऑइलची की क्लचच्या तेलाची, हे पाण्यानं कळतं. डॉट ३ किंवा डॉट ४ तेल पाण्यात मिसळून जातं, इंजिन ऑइल तरंगतं.

तेल कोणतं घालायचं, हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बहुतेक गाड्यांत ब्रेकचंच तेल, म्हणजे डॉट ४ चालतं. ते डबीच्या झाकणावर छापलेलं असतं. पण केटीएमच्या काही जुन्या परदेशी मॉडेलांवर मागुराचा क्लच आहे, त्याला खनिज तेल लागतं. एकाच्या जागी दुसरं घातलं की रबर फुगतं आणि सगळी सीलं वाया जातात. डॉट ५ हे सिलिकॉनचं तेल आहे, ते डॉट ४ मध्ये मिसळू नका. 'तेल ते तेल' म्हणून इंजिन ऑइल तर कधीच ओतू नका.

डॉट ४ हवेतलं पाणी ओढतं. ताजं तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं, की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून फोडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नये आणि दर दोन वर्षांनी तेल बदलावं. चहासारखं काळपट झालेलं तेल त्याआधीच बदला.

हवा काढायला दोघं लागतात. हँडल असं वळवा की डबी सपाट राहील. टाकीवर ओलं फडकं टाका, कारण हे तेल रंग खातं. झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ पुसा. खालच्या दट्ट्यावरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या थोड्या तेलात बुडवा. एकानं लिव्हर सावकाश दाबून धरायची, दुसऱ्यानं निपल पाव फेरा सैल करून पुन्हा आवळायचं, आणि मगच लिव्हर सोडायची. हा क्रम चुकला तर हवा उलट आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हे करत राहा, पण डबीतलं तेल खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका. एखादा बुडबुडा लिव्हरजवळच्या जोडात अडून बसतो. त्यासाठी मिस्त्री लोक लिव्हर रात्रभर रबरानं हँडलला बांधून ठेवतात. सकाळी सोडली, की बुडबुडा डबीत वर येतो.

एक गंमत लक्षात ठेवा. ब्रेकचे पॅड झिजले की त्याच्या डबीतलं तेल खाली जातं. क्लचच्या प्लेटा झिजल्या की मात्र डबीतलं तेल वर चढतं. म्हणून ही डबी काठोकाठ भरायची नसते. आणि तेल खाली गेलेलं दिसलं, तर नुसतं ओतून मोकळे होऊ नका, गळती शोधा.

सील बदलायचं असेल तर दट्ट्याचं पूर्ण किट घ्यावं आणि हे काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्यावं. वाटेत लिव्हर मऊ पडली आणि दोन-तीनदा दाबून जोर येत असेल, तर ओझं उतरवून सावकाश घर गाठा. जोर येतच नसेल तर गाडी चालवू नका. पुढच्या डिस्क ब्रेकची लिव्हर अशी मऊ लागली, तर मात्र घरापर्यंतही नेऊ नका, जागीच उभी करा.

काढलेलं तेल विषारी असतं. ते डोळ्यांत उडालं तर भरपूर पाण्यानं धुऊन डॉक्टरांना दाखवा. उघड्या भांड्यात ते गोठ्याजवळ ठेवू नका, ओढ्यात ओतू नका. बाटलीत बुच लावून, चिठ्ठी डकवून, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा आणि पुढच्या खेपेला गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपासाठी द्या.