रबाय म्हणजे ज्यूंचे भटजी नव्हेत

पुण्याच्या कॅम्पातल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, सगळं गाव 'लाल देऊळ' म्हणतं. मुंबईत मांडवीच्या १७९६ सालच्या शार हारहमीम सिनेगॉगला तर खुद्द बेने इस्राएल लोकच, म्हणजे आपले मराठी ज्यूच, 'जुनी मशीद' म्हणत आले. मशीद बंदर स्थानकाचं नावही तिच्यावरूनच पडलं, असं मानलं जातं. देऊळ म्हणा की मशीद, नावाने काही बिघडत नाही. पण देऊळ म्हटलं की आपण पुजारी शोधायला लागतो, पुजारी सापडला की मंत्र आणि मंत्रामागोमाग प्रसाद. ज्यू धर्माबद्दलचे आपले बरेचसे गैरसमज या एका सवयीतून आलेले आहेत.

रबायांपासूनच सुरुवात करू. रबाय हे धर्मशास्त्राचे जाणकार. शिकवणं आणि अडल्या वेळी निर्णय सांगणं हे त्यांचं काम. पुरोहिताचं घराणं वेगळं, त्याला कोहेन म्हणतात आणि ते जन्मानेच ठरतं. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, तिथले बळी थांबले आणि कोहेनाकडे तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनाचा पहिला मान, समुदायाला आशीर्वाद देणं अशी मोजकी कामं उरली. सामुदायिक प्रार्थनेला यांतलं कुणीच आवश्यक नसतं. आवश्यक असतात ती दहा प्रौढ माणसं, म्हणजे मिन्यान. परंपरावादी पंथांत यात पुरुषच धरतात, सुधारकांत स्त्रियाही. नऊ रबाय जमले तरी मिन्यान होत नाही, दहा तेली जमले की होतो!

तेली उगाच म्हटलं नाही. कोकणातले बेने इस्राएल घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. या लोकांनी रबायांशिवाय पिढ्यानपिढ्या धर्म टिकवला. जवळ होतं ते एवढंच: शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना. पुढे सिनेगॉग उभी राहिली तेव्हाही प्रार्थना चालवायला हझ्झान असे.

शब्बाथ म्हणजे शनिवारची सुट्टी, हेही अर्धंच खरं. तो शुक्रवारी सूर्यास्ताआधी दिवे लावून सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसले की संपतो. त्या काळात ३९ प्रकारची कामं वर्ज्य असतात. मात्र वर्ज्य काय, हे कष्टावरून ठरत नाही. घरातल्या घरात जड खुर्ची सरकवलेली चालते, कागदावर दोन अक्षरं लिहिलेली चालत नाहीत. आणि कुणाचा जीव धोक्यात असेल तर शब्बाथ मोडायची नुसती मुभा नाही, ते कर्तव्य आहे.

सगळ्यात चिवट गैरसमज कोशरबद्दलचा, म्हणजे धर्मनियमांत बसणाऱ्या अन्नाबद्दलचा. रबायांनी मंत्र म्हटला की अन्न कोशर होतं, असं चांगली शिकलेली माणसंही सांगतात. डुकराच्या मांसावर जन्मभर मंत्र म्हटले तरी ते कोशर व्हायचं नाही. जनावराचे खूर दुभंगलेले हवेत आणि ते रवंथ करणारं हवं, दोन्ही एकदम. डुकराचे खूर दुभंगलेले असतात पण ते रवंथ करत नाही, म्हणून बाद. माशाला पर आणि खवले हवेत. त्यामुळे पापलेट, रावस चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या ताटात येत नाहीत. जनावर नियमाप्रमाणे कापावं लागतं आणि मांसातलं रक्त काढावं लागतं. त्यासाठी मांस अर्धा तास पाण्यात भिजवतात, मग मीठ चोळून तासभर निथळत ठेवतात आणि नंतर स्वच्छ धुतात. मांस आणि दूध एकत्र येऊ देत नाहीत. बेने इस्राएल घरांत मटणाच्या रश्शाला दही लागत नाही, तिथे नारळाचं दूध असतं. नियम आणि कोकण यांचं इतकं चवदार जमलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. पाकिटावरचा कोशरचा शिक्काही आशीर्वादाचा नसतो, देखरेख झाल्याचा असतो.

मग मलिदा? भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा आणि वर रचलेली फळं. ताट पाहून आपण प्रसादच म्हणणार. मलिदा हा बेने इस्राएलांचा खास विधी. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात तो होतो. त्यात एलियाहू हनबीचं नाव घेतात, पण एलियाहू देव नव्हे, संदेष्टा. समोर मूर्ती नसते, नैवेद्य दाखवत नाहीत. आभार मानायचे ते एका देवाचे आणि खाण्याआधी त्या-त्या पदार्थाची हिब्रू बराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणायची. झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतून उगवलेल्याची वेगळी. केळं दुसऱ्या गटात जातं, कारण केळीला लाकडी खोड नसतं.

बार मित्झ्वाला 'ज्यूंची मुंज' म्हणायची पद्धत आहे. मुंज लावल्याशिवाय लागत नाही. ज्यू मुलगा मात्र तेरा वर्षांचा झाला की समारंभ होवो न होवो, धर्माज्ञांना बांधला जातो. दारावरची मेझुझाची डबी म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून टांगलेला ताईत नव्हे. महत्त्व डबीला नसून आतल्या चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या तोरातल्या दोन उताऱ्यांना आहे. आणि मृतांसाठी म्हणतात त्या कद्दीश प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखच नाही. ती देवाची स्तुती आहे, तीही बहुतांशी अरामी भाषेतली.

हे सगळं प्रत्येक ज्यू माणूस सारख्याच कडकपणे पाळतो, असंही समजू नका. कुणी मांस आणि दुधासाठी दोन स्वयंपाकघरं ठेवतो, कुणी नुसतं डुक्कर टाळतो. तेव्हा ज्यू पाहुणा जेवायला येणार असेल तर तर्क लढवू नका. काय चालतं ते त्यालाच आधी विचारा, आणि शुक्रवारची रात्र टाळा.