कासवीची दृष्टी

प्रस्तावना

पर्यावरणाचे रक्षण म्हटले की सरकारी योजना, कायदे आणि मोठमोठे प्रकल्प आपल्या डोळ्यांसमोर येतात. हे सारे आवश्यकच आहे. परंतु कायदा कागदावर असतो आणि निसर्ग आपल्या घराच्या आसपास असतो. या दोहोंमधील अंतर कोण भरून काढते? बहुधा त्या त्या ठिकाणची माणसेच ते भरून काढतात. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण या लहान शहरातील एक स्वयंसेवी संस्था आणि त्याच जिल्ह्यातील वेळास हे गाव यांनी मिळून समुद्री कासवांसाठी केलेल्या कार्याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही
• समुद्री कासवाचा जीवनक्रम थोडक्यात सांगू शकाल;
• कासव संवर्धनाच्या कामातील टप्पे क्रमाने लिहू शकाल;
• लोकसहभागाचे महत्त्व उदाहरणासह स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

देवळातले कासव आणि किनाऱ्यावरचे कासव

महाराष्ट्रातील पुष्कळ देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव कोरलेले असते. भाविक प्रथम त्याला नमस्कार करतात आणि मग देवाकडे वळतात. विष्णूच्या दहा अवतारांपैकी एक कूर्मावतार होय. मराठी संतांच्या रचनांत तर कासवीचा दृष्टान्त वारंवार येतो. कासवी पिलांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही. ती नुसती त्यांच्याकडे पाहते आणि त्या दृष्टीनेच पिले वाढतात, असा हा समज आहे. देवाची भक्तावरील कृपा सांगण्यासाठी संतांनी तो फार सुंदर रीतीने वापरला.

समुद्री कासवाची हकिकत मात्र नेमकी उलट आहे. मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. आपली पिले ती कधीच पाहत नाही. आईच्या नजरेविना ती पिले जन्मतात आणि आपली आपण समुद्राकडे धावतात. अशा वेळी त्यांच्यावर नजर ठेवायची कोणी, हा या पाठातील मुख्य प्रश्न आहे.

कासवाचा जीवनक्रम

भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर अंडी घालणाऱ्या समुद्री कासवांमध्ये 'ऑलिव्ह रिडले' ही जात सर्वाधिक आढळते. पाठीचा रंग ऑलिव्ह फळासारखा हिरवट-करडा असल्यामुळे हे नाव पडले. पूर्ण वाढलेल्या कासवाची पाठ सुमारे ६० ते ७० सेंटिमीटर लांब असते. ओडिशाच्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथे ही कासवे हजारोंच्या संख्येने एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर मात्र ती एकेकटी, विखुरलेली येतात.

मादी भरतीच्या रेषेच्या वर कोरडी वाळू शोधते आणि मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा खणते. त्यात ती साधारणपणे शंभर ते सव्वाशे अंडी घालते. वाळूच्या उबेने सुमारे ४५ ते ६० दिवसांत पिले बाहेर येतात. पिलू नर होणार की मादी, हेही वाळूचे तापमानच ठरवते. वाळू तुलनेने थंड असेल तर नर अधिक जन्मतात. उष्ण असेल तर माद्या अधिक जन्मतात.

या काळात अंड्यांना शत्रू पुष्कळ असतात. कोल्हे, कुत्री आणि रानडुकरे घरटी उकरतात. बाहेर पडलेल्या पिलांवर खेकडे, कावळे आणि घारी टपलेल्या असतात. समुद्रात गेल्यावर मोठे मासे त्यांना गिळतात. जन्मलेल्या पिलांपैकी फारच थोडी मोठी होतात. निसर्गाने इतकी अंडी दिली ती याच कारणासाठी. पण या शत्रूंत माणसाची भर पडली की हिशेब बिघडतो.

चिपळूणहून वेळासला

चिपळूण हे वाशिष्ठी नदीच्या काठी वसलेले शहर. तेथे १९९२ साली 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था स्थापन झाली. विश्वास ऊर्फ भाऊ काटदरे हे तिचे संस्थापक. सन २००२ मध्ये संस्थेचे कार्यकर्ते समुद्रगरुडांची पाहणी करीत कोकण किनाऱ्याने फिरत होते. मंडणगड तालुक्यातील वेळास या गावाच्या किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांचे मूळ गाव म्हणून वेळास इतिहासात प्रसिद्ध आहे. पण तेथे कासवे येतात ही गोष्ट गावाबाहेर फारशी ठाऊक नव्हती.

चौकशी केल्यावर कळले की गावकऱ्यांना घरटी नेमकी कोठे असतात हे चांगले माहीत होते आणि त्यांतली अंडी काढून खाल्ली किंवा विकली जात होती. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचा समावेश आहे. त्याला मारणे किंवा त्याची अंडी गोळा करणे हा गुन्हा आहे. तरीही हे घडत होते. याचे कारण समजून घेतले पाहिजे. ज्या घरात पैशाची चणचण असते, त्या घराला वाळूत सापडलेली शंभर अंडी म्हणजे समुद्राने दिलेली देणगीच वाटते. शिवाय प्रत्येक किनाऱ्यावर रात्रभर पहारेकरी उभा करणे कोणत्याही शासनाला शक्य नसते.

येथे संस्थेपुढे दोन मार्ग होते. एक, तक्रार करणे. दुसरा, गावाशी बोलणे. संस्थेने दुसरा मार्ग निवडला. कासवाचे पाऊल ओळखणारी, घरटे अचूक हुडकणारी माणसे गावातच होती. अंडी नेण्यासाठी वापरले जाणारे तेच ज्ञान अंडी राखण्यासाठी वापरावे, असे तिने ठरवले. पहिल्याच हंगामात पन्नासच्या आसपास घरटी राखली गेली आणि दोन हजारांहून अधिक पिले समुद्रात गेली.

रोजचे काम

'कासव वाचवा' असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्ष काम मात्र चिकाटीचे असते. विणीच्या हंगामात, म्हणजे साधारणपणे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, 'कासवमित्र' पहाटेच्या अंधारात किनारा पायी पालथा घालतात. वाळूवर उमटलेल्या वल्ह्यांच्या खुणांवरून मादी कोठून आली, कोठे थांबली आणि कोठून परतली, हे त्यांना समजते.

घरटे सापडले की अंडी हलक्या हाताने काढून कुंपण घातलेल्या सुरक्षित जागी, म्हणजे संवर्धन केंद्रात नेतात. हे काम लवकर करावे लागते. अंडी घातल्यावर काही तासांतच आतील गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटू लागतो. त्यानंतर अंडे उलटेसुलटे झाले तर गर्भ मरतो. म्हणून अंडे ज्या बाजूवर होते त्याच बाजूवर ठेवण्याची दक्षता घेतात. केंद्रातील खड्डाही मूळ घरट्याइतकाच खोल आणि त्याच आकाराचा असावा लागतो. अंड्यांची संख्या आणि तारीख यांची नोंद ठेवतात. त्या नोंदीवरून पिले केव्हा बाहेर येतील याचा अंदाज बांधता येतो.

दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि ती वरचेवर उचलून पाहतात. पिले बाहेर आली असतील तर सकाळी किंवा संध्याकाळी, उन्हाचा ताप नसताना, त्यांना पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात. त्यांना थेट पाण्यात ठेवत नाहीत. तेवढी वाट पिलांनी स्वतः चालावी, हे महत्त्वाचे मानले जाते. वाढलेल्या माद्या आपल्या जन्मस्थानाच्या परिसरात अंडी घालण्यास परत येतात, असे शास्त्रज्ञ सांगतात.

गावाचा वाटा

केवळ उपदेशाने काम फार दिवस चालत नाही. राखणदारालाही घर चालवायचे असते. हे ओळखून २००६ पासून वेळासमध्ये 'कासव महोत्सव' सुरू झाला. पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी शहरांतून माणसे येऊ लागली. त्यांची राहण्याची व जेवणाची सोय मोठ्या हॉटेलांऐवजी गावातील घरांतच झाली. ओसरीवर झोपणे आणि यजमानीणबाईंच्या हातचे जेवण हा पाहुण्यांना आनंद वाटला आणि त्याचा मोबदला थेट घरात आला. ज्या अंड्यांना एकदाच किंमत येत होती, ती अंडी राखल्यावर गावाला दरवर्षी उत्पन्न मिळू लागले. पुढे वनविभागही या कामात उतरला आणि कासवमित्रांना मानधन मिळू लागले.

आज आंजर्ले, गुहागर, गावखडी, दिवेआगर, हरिहरेश्वर, वायंगणी अशा अनेक किनाऱ्यांवर हे काम चालते. गोव्यात मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथील किनारेही कासवांसाठी राखले जातात.

किनारे दोन, कासव एकच

जानेवारी २०२२ मध्ये वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी वेळासला अंडी घालण्यासाठी आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे यंत्र बसवले. तिचे नाव 'प्रथमा' ठेवले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असा प्रयोग प्रथमच होत होता.

याहून आश्चर्याची गोष्ट पुढे घडली. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूची खूणपट्टी आढळली. त्या पट्टीवरील क्रमांकावरून कळले की तिला २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पट्टी लावण्यात आली होती. पूर्व किनाऱ्यावर नोंदलेली मादी भारताला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर आली होती! ओडिशात कोणी काळजीपूर्वक पट्टी लावली आणि कोकणात कोणी काळजीपूर्वक ती वाचली, म्हणूनच ही गोष्ट उघडकीस आली. स्थानिक काम लहान असते. परंतु ते किती दूरवर जोडलेले असते, हे यावरून ध्यानात येते.

यशाबरोबर आलेले प्रश्न

हे सारे सुरळीत चालले आहे, असे मात्र समजू नये. पाहुणे वाढले की किनाऱ्यावर गर्दी, प्लॅस्टिक आणि गोंगाट वाढतो. नुकती जन्मलेली पिले क्षितिजावरील उजेडाच्या रोखाने चालतात. किनाऱ्यावरचे दिवे आणि मोबाइलचा प्रकाश त्यांची दिशाभूल करतो. कासवांवर ज्यांचे प्रेम आहे, त्यांच्याच हौसेमुळे कासवांना धोका व्हावा, ही विसंगती आहे. म्हणून दोरीच्या मागे उभे राहणे, प्रकाशझोत न टाकणे, पिलांना हात न लावणे हे नियम पाळावे लागतात. एखाद्या दिवशी एकही पिलू बाहेर येत नाही. तेव्हा हिरमुसून न जाता परतणे हाही निसर्गाचा आदरच होय.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. पृथ्वीचे तापमान वाढत आहे. वाळू तापत गेली तर नरांची संख्या घटू शकते आणि अतिशय उष्ण वाळूत अंडी नासतात. संवर्धन केंद्रावर सावली धरणे गावाला शक्य आहे. पण साऱ्या जगाचे तापमान एकट्या गावाला उतरवता येणार नाही. ती जबाबदारी आपणा सर्वांची आहे.

आपल्या गावासाठी

तुमच्या गावी समुद्र नसेल. पण एखादे तळे, ओढा, देवराई किंवा चिमण्यांनी भरलेले जुने झाड असेल. वेळासच्या अनुभवावरून काही गोष्टी सर्वांनाच शिकता येतात. प्रथम नीट पाहावे आणि माहिती मिळवावी. ज्यांना जागेचे ज्ञान आहे, त्यांना दोषी न ठरवता सोबत घ्यावे. नोंदी ठेवाव्यात. कामाचा लाभ ते करणाऱ्यांपर्यंत पोचावा. आणि कायद्याची बाब असेल तेथे संबंधित विभागाच्या मार्गदर्शनाने काम करावे. उदाहरणार्थ, कासवाचे घरटे दिसल्यास ते स्वतः न उकरता वनविभागाला कळवावे.

संतांची कासवी पिलांना दृष्टीने वाढवते. खरी कासवी ते करू शकत नाही. ती वाळू सारखी करून विश्वासाने निघून जाते. वेळासच्या माणसांनी पहाटे उठून त्या वाळूकडे पाहिले आणि संतांच्या दृष्टान्ताला खरा अर्थ आला.

शब्दार्थ

दृष्टान्त – समजावून सांगण्यासाठी दिलेला दाखला
विण – प्राण्यांनी अंडी घालणे किंवा पिले देणे
अनुसूची – कायद्याला जोडलेली यादी
मानधन – कामाबद्दल आदराने दिलेली रक्कम
देवराई – देवाच्या नावाने राखलेले वन
किनारा पालथा घालणे – सगळा किनारा शोधून काढणे

स्वाध्याय

१. संतांच्या दृष्टान्तातील कासवी आणि प्रत्यक्षातील समुद्री कासवी यांत कोणता फरक आहे?
२. अंडी हलवताना ती उलटीसुलटी होऊ न देण्याचे कारण लिहा.
३. संस्थेने तक्रार करण्याऐवजी गावाशी बोलण्याचा मार्ग निवडला. त्याचे कोणते परिणाम झाले?
४. 'पाहुण्यांची गर्दी हे यशही आहे आणि संकटही.' या विधानाविषयी तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.
५. उपक्रम : तुमच्या परिसरातील एखादी नैसर्गिक जागा निवडा. तिच्याविषयी वडीलधाऱ्या माणसांकडून माहिती मिळवा. सात दिवस तेथे जाऊन जे दिसेल त्याची तारीखवार नोंद करा.