ज्वारी नुसती वाढत नाही

इंग्रजीतलं ‘ग्रो’ हे क्रियापद भलतंच राबतं. पोरगं वाढतं, केस वाढतात, धंदा वाढतो, शेतकरी कांदा पिकवतो, माणूस म्हातारा होतो. या सगळ्याला तिकडे ‘ग्रो’ चालतं. आपलं ‘वाढणं’ही काही कमी नाही म्हणा. ज्या क्रियापदानं रोप वाढतं त्याच क्रियापदानं आई ताटात भाकरी वाढते. देवापुढे फोडलेला नारळ ‘वाढवला’ म्हणायचं, आणि हातातली बांगडी फुटली तर ती ‘वाढली’. मोडण्याफुटण्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून थेट उलटा शब्द!

पण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात जिरायत रानात डिसेंबरात जा आणि बांधावरच्या माणसाला विचारा, “ज्वारी किती वाढली?” उंची कुणी सांगायचं नाही. “पोटरीत आलीय,” असं उत्तर येईल. किंवा “निसवायला लागलीय.” दोनच शब्द, आणि त्यांत आख्खं वनस्पतिशास्त्र. आर. एल. व्हँडरलिप आणि एच. ई. रीव्हज या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1972 साली ज्वारीच्या वाढीचे शून्य ते नऊ असे दहा टप्पे मांडले. त्यातल्या बऱ्याच टप्प्यांना आपल्या शिवारात मराठी नावं आहेत, आणि ती रोजच्या बोलण्यात आहेत.

मुळात हे पीक इथं येतं हेच नवल. कर्जत सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. परतीच्या पावसानं रान भिजलं, वापसा आला, की पाभर चालते. त्यानंतर पाऊस जवळपास नाहीच. मग पुढचे चार महिने हे पीक पितं काय? काळ्या मातीनं धरून ठेवलेली ओल. जमीन वरून सुकत जाते आणि मुळं ओलीचा माग काढत खाली खाली जातात. म्हणूनच राहुरीच्या कृषी विद्यापीठानं मातीची खोली बघून वाण दिले: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. आणि सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला 1930च्या दशकात निवडलेली मालदांडी 35-1 अजूनही पेरली जातेच.

आता दाण्याकडे या. असे शंभर दाणे मिळून तीन-साडेतीन ग्रॅम भरतात. ओल लागली की दाणा फुगतो आणि सगळ्यात आधी मूळ बाहेर काढतो. आधी पाण्याची सोय, मग उजेडाची. कोंब नंतर वर निघतो, तोही टोकावर टोपण घालून, म्हणजे माती फोडताना आतलं कोवळं पान फाटत नाही. मग आपण म्हणतो, ज्वारी उगवली.

महिनाभरात रोप गुडघ्याकडे येतं. आपल्याला वाटतं खोड उभं राहिलं. पण ते खोड नसतंच! एकात एक गुंडाळलेली पानांची आवरणं असतात ती. खरा वाढीचा शेंडा अजून जमिनीच्या आत, फार तर जमिनीलगत बसलेला असतो. कर्जतजवळच रेहेकुरीचं 2.17 चौरस किलोमीटरचं काळवीट अभयारण्य आहे. तिथली काळविटं शेतात शिरून कोवळी पानं खुडून गेली, तरी शेंडा खाली सुखरूप असला तर रोप पुन्हा पानं काढू शकतं.

आणि मग, साधारण तिसाव्या दिवसाच्या आसपास, त्या इवल्याशा शेंड्यात सगळ्यात मोठा निर्णय होतो. इतके दिवस तो पान काढायचा. आता पानं बंद, कणसाची तयारी सुरू. झाडाला एकूण पानं किती, हे त्या क्षणी ठरून जातं. बाहेरून मात्र काही म्हणजे काही दिसत नाही. रान कालच्यासारखंच हिरवं. या घडामोडीला शिवारातला शब्द निदान मी तरी ऐकला नाही, पण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत आहे: गर्भावस्था. पाणी असेल तर पहिली पाळी तेव्हाच द्या, असं ते सांगतात. ज्यानं हा शब्द इथं बसवला त्याला दाद दिली पाहिजे.

पुढे झाड एकदम उंच का होतं? कारण कांड्या आधीच तयार असतात, घडीच्या छत्रीच्या दांड्यासारख्या एकमेकींना खेटून. त्या आता लांबतात. शेवटच्या पानाचं आवरण फुगतं आणि आत जवळजवळ पूर्ण झालेलं कणीस असतं. ही पोटरी. मग कणसाखालचा दांडा ताणत जातो आणि कणसाला वर ढकलतो: निसवलं! नेमकी याच वेळी ओल संपली तर कणीस अर्धवट आतच अडकतं. म्हणून ‘पोटरीत आलीय’ म्हणताना शेतकऱ्याची नजर विहिरीकडे जाते.

फुलोराही बघण्यासारखा. कणीस एकदम फुलत नाही, शेंड्यापासून सुरू करून रोज थोडं खाली उतरत जातं. त्यामुळे एकाच कणसात वरचा दाणा थोरला, खालचा धाकटा.

मग दाण्यात दूध भरतं, तो चिकात येतो, आणि हुरड्यात येतो. गोवऱ्यांच्या आगटीत कणीस भाजून तळहातावर चोळलं की फोलपट उडून हिरवे दाणे उरतात. ते गोड का लागतात? पानांनी हवेतला कार्बन आणि उन्हाचं बळ घेऊन केलेली साखर दाण्यात पोचलेली असते, पण तिचं सगळं पिठूळ स्टार्च व्हायचं बाकी असतं. आठ-दहा दिवस उशीर केलात तर तो हुरडा नाही, कोरडी ज्वारी.

आणि दाणा भरायचा थांबला हे कळतं कसं? त्याची खूण दाणा स्वतःच देतो. एक दाणा सोडवून त्याचं कणसाला चिकटलेलं टोक बघा. तिथं काळा ठिपका दिसला, की झाडाकडून येणारी रसद बंद झाली. त्यानंतर दाणा फक्त वाळतो, त्याचं वजन वाढत नाही. पुढच्या हंगामात राशीन किंवा सिद्धटेकच्या वाटेवर ज्वारीचं रान लागलं, तर मालकाला विचारून एक दाणा मागून घ्या आणि हा ठिपका नक्की शोधा.