इंदूरचा कापूस आणि जगाचा बाजार

व्यापार हा राजीखुशीचा सौदा आहे, असे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात सांगितलेले असते. ज्याच्यापाशी जे अधिक ते त्याने द्यावे, जे उणे ते घ्यावे, आणि उभयतांनी लाभ पदरात पाडून घरी जावे. ही मांडणी खोटी नाही; परंतु ती अपुरी आहे. सौदा होण्यापूर्वी बाजाराचे नियम कोणी ठरविले, हा प्रश्न तीत येत नाही. श्रीमंत व गरीब देशांमधील सारा तंटा मुख्यतः या प्रश्नाचाच आहे. तो समजावून घेण्यासाठी दूर जावयास नको. ज्या इंदूर शहराला एके काळी गिरण्यांच्या भोंग्यांनी जाग येत असे, तेथूनच आरंभ करता येईल.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. हिंदुस्थानच्या कापसाला अकस्मात सोन्याचे मोल आले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळला. येथील शेतकऱ्याने त्या युद्धात ना गोळी झाडली, ना तह केला. तरी चढ आणि उतार दोन्ही त्याच्या वाट्यास आले. केवळ कच्चा माल विकणाऱ्या देशाची स्थिती ही अशी परस्वाधीन असते. महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी हे ओळखले असावे. कारण इंदुरातील सरकारी कापड गिरणीचा पाया १८६६ मध्ये घातला गेला. पुढे खांडवा-इंदूर लोहमार्गासाठी त्यांनी इंग्रज सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत १०१ वर्षांची, व्याज दरसाल शेकडा साडेचार. धनाढ्य साम्राज्याने एका मांडलिक संस्थानिकाकडून कर्ज घ्यावे, ही गोष्ट दोनदा वाचावी अशीच आहे! या मार्गाने माळव्याचा माल मुंबईस जाऊ लागला, आणि विलायती कापडालाही माळव्याची वाट सोपी झाली.

आता नियमांकडे वळू. इंग्लंड त्या काळी मुक्त व्यापाराचा कट्टर पुरस्कर्ता होता. १८८२ मध्ये हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावरील आयात जकात रद्द झाली. पुढे तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा जकात पुन्हा बसवावी लागली. लँकेशायरचे गिरणीमालक खवळले. या जकातीमुळे हिंदी गिरण्यांना संरक्षण मिळते, अशी त्यांची तक्रार. तेव्हा १८९६ मध्ये अजब तोड निघाली. विलायती कापडावर शेकडा साडेतीन जकात, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील गिरण्यांच्या कापडावरही शेकडा साडेतीन उत्पादन कर! वरवर पाहता ही समता दिसते. परंतु हिंदी गिरण्यांत मुख्यतः जाडेभरडे कापड निघे आणि लँकेशायरहून येई ते बव्हंशी तलम. ज्या कापडाशी विलायतेची स्पर्धाच नव्हती, त्यावरही कर बसला, आणि तो भरला जाडेभरडे नेसणाऱ्या गरिबाने. हा कर रद्द होण्यास १९२६ साल उजाडावे लागले.

याच इंग्लंडने १७२१ मध्ये हिंदुस्थानातील छापील सुती कापड वापरण्यास आपल्या देशात कायद्याने बंदी केली होती, हे येथे ध्यानात ठेविले पाहिजे. आपला धंदा कोवळा असताना कुंपण, आणि तो बळकट झाल्यावर इतरांची कुंपणे काढावयास लावणे, हा तो क्रम होय. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात, पाश्चात्त्य अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांना सर्व काळी सारखेच लागू पडत नाहीत, असे प्रतिपादन केले ते उगीच नव्हे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले, परंतु मासला तोच राहिला. गरीब देश स्वस्त कापड विणून निर्यात करू लागताच श्रीमंत देशांना मुक्त व्यापाराचे प्रेम उरले नाही. १९६० नंतरच्या दशकात सुती कापडाच्या आयातीवर मर्यादा आल्या. १९७४ च्या करारान्वये लोकर व कृत्रिम धाग्यांचे कापडही त्या कक्षेत आले. कोणत्या देशाने किती माल धाडावा, याचे हे कोटे १ जानेवारी २००५ रोजी पूर्णपणे संपले. तोवर इंदूरच्या जुन्या गिरण्यांचे भोंगे थांबू लागले होते. त्याचे खापर केवळ परदेशांवर फोडणे न्याय्य होणार नाही. जुनाट यंत्रे आणि यंत्रमागांची स्पर्धा हीही कारणे होती. हुकुमचंद गिरणी १९९० नंतरच्या दशकारंभी बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यापोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला तो डिसेंबर २०२३ मध्ये. तो पाहण्यास कित्येक कामगार हयात राहिले नव्हते.

कापड सोडून कापसाकडे पाहिले तर अन्याय अधिक उघडा दिसतो. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना मोठी सरकारी अनुदाने देते. त्यामुळे भाव पडला तरी तेथील शेतकरी पेरा कमी करीत नाही. जगात माल साचतो, भाव आणखी उतरतो आणि ज्याला अनुदान नाही तो मार खातो. ब्राझीलने २००२ मध्ये याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली व निकाल आपल्या बाजूने मिळविला. अखेरीस २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन तंटा मिटविला. अनुदाने मात्र सर्वस्वी थांबली नाहीत. बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली या आफ्रिकेतील चार गरीब देशांनीही २००३ मध्ये हेच गाऱ्हाणे मांडले होते. त्यांना या तडजोडीतून काही मिळाले नाही. फिर्यादीचा खर्च आणि प्रतिकाराचे बळ ज्याच्यापाशी, त्यालाच न्याय लाभतो असे दिसते.

तथापि दुर्बळ देशातही सबळ आणि दुर्बळ असतातच. मार्च २०१२ मध्ये भारत सरकारने कापसाची निर्यात एकाएकी बंद केली. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा हा त्यातील एक हेतू. शेतकऱ्यांनी ओरड केल्यावर बंदी लवकरच शिथिल झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात चढविली, तेव्हा कापड उद्योगाला दिलासा म्हणून सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयात जकात उठविली. प्रथम सप्टेंबरअखेर आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. निमाडचा नवा कापूस खरगोणच्या मंडीत येतो, तो याच महिन्यांत.