शेवटचे ३ आउट, माणूस आउटस्टँडिंग!

नववी, शेवटची इनिंग. एका रनची आघाडी. स्टेडियमभर हजारो फॅन्स आणि सगळ्यांची नखं दातांत! तेवढ्यात बुलपेनचं, म्हणजे वॉर्मअपच्या जागेचं दार उघडतं आणि धावत येतो रिलीफ पिचर, म्हणजे बदली बोलर. मॅच मिटवायलाच आलेला असेल, तर त्याचं नाव क्लोजर. क्रिकेटप्रेमींनो, डेथ ओव्हर्सचा हुकमी बोलर आठवा, म्हणजे टेन्शन कळेल! पण फॅन्स डोळे मिटून भरवसा टाकतात तो नेमका कशावर? चला, पटापट बघूया!

चंद्र सोपा, मारियानो अवघड!
माहीत आहे का? १९६९ ते १९७२ या काळात चंद्रावर १२ माणसं चालली. आणि न्यूयॉर्क यँकीजच्या मारियानो रिव्हेराने पोस्टसीझनच्या, म्हणजे बाद फेऱ्यांच्या सगळ्या मॅचेस मिळून अर्न्ड रन (पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या रन) दिल्या किती? फक्त ११! तेही तब्बल १४१ इनिंग्ज टाकून. मॅच जितकी मोठी, तितका हा पनामाचा पठ्ठ्या शांत. भरवशाची पहिली खूण हीच!

एकच बॉल, सगळे गोल!
रिव्हेराचं हत्यार काय? एकच! कटर. ऐनवेळी किंचित वळणारा वेगवान बॉल. बॅटरला आधीच ठाऊक असायचं की कटर येणार. तरीही बॅट मोडायचीच! २०१३ मध्ये तो रिटायर होताना मिनेसोटा ट्विन्सने गिफ्ट काय दिलं? मोडलेल्या बॅट्सपासून बनवलेली डुलती खुर्ची! ६५२ सेव्ह्ज, म्हणजे राखलेले विजय, हा त्याचा विक्रम. आणि २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी ४२५ पैकी ४२५ मतं. असं एकमत त्याच्याआधी कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं!

३०-३ आणि तरी ‘सेव्ह’?
सेव्ह मोजायची कल्पना जेरोम होल्ट्झमन या शिकागोच्या क्रीडा पत्रकाराची. १९६९ पासून ती अधिकृत झाली. साधारणपणे ३ किंवा त्याहून कमी रनची आघाडी सांभाळून मॅच संपवली की सेव्ह. पण शेवटच्या ३ इनिंग्ज नीट टाकल्या, तर आघाडी कितीही असली तरी चालते! मग २००७ मध्ये धमालच झाली. टेक्सास रेंजर्सने बाल्टिमोरला ३०-३ असं धुतलं आणि वेस लिटलटनच्या नावावर चक्क सेव्ह लागला! म्हणून नुसत्या आकड्यावर भाळू नका. मॅच किती अडकली होती, ते आधी विचारा.

शेव्ह नाही, सेव्ह!
१९७२ मध्ये ओकलंड संघाचे मालक चार्ली फिनली यांनी खेळाडूंना ऑफर दिली: मिशी वाढवा, ३०० डॉलर घ्या! क्लोजर रॉली फिंगर्सने टोकं वळवलेली अशी झोकदार मिशी राखली की तीच त्याची ओळख झाली. पुढे १९८६ मध्ये सिनसिनाटी रेड्सकडे जायचं, तर मिशी उतरवायची अट होती. गडी काही बधला नाही. थेट रिटायर झाला!

घंटा वाजली, छाती धडधडली!
एंट्री म्हणाल तर फुल्ल फिल्मी! सॅन डिएगोत ट्रेव्हर हॉफमन मैदानात यायचा तो ‘हेल्स बेल्स’च्या घंटानादात. आणि माहीत आहे का? हा मूळचा शॉर्टस्टॉप, म्हणजे फिल्डर! पिचर झाला, संथ चेंजअपवर बॅटर्सना नाचवलं आणि ६०० सेव्ह्जचा टप्पा गाठणारा पहिला खेळाडू ठरला. एकूण सेव्ह्ज ६०१!

हुकमाचा एक्का, पण खिशातच!
२०१६. बाल्टिमोरचा झॅक ब्रिटन. सेव्हच्या ४७ संधी, ४७ सेव्ह्ज. ईआरए ०.५४, म्हणजे ९ इनिंग्जमागे जेमतेम अर्धी रन! मग टोरोंटोविरुद्धच्या ‘हरलात तर घरी’ मॅचमध्ये तो चमकला असेल ना? छे! मॅनेजरने त्याला उतरवलंच नाही. बरोबरीनंतरच्या जादा खेळात, अकराव्या इनिंगमध्ये दुसऱ्याच पिचरला होमरन बसली आणि खेळ खलास. भरवशाचा माणूस वेळेवर वापरायलाही लागतो, राव!

पडला, उठला, परफेक्ट ठरला!
२००५ मध्ये ह्यूस्टनच्या ब्रॅड लिजला अल्बर्ट पुहोल्सने प्लेऑफमध्ये अशी होमरन ठोकली की आजही फॅन्स तिचे किस्से सांगतात. संपला का लिज? अजिबात नाही! २००८ मध्ये फिलाडेल्फियाकडून नियमित सीझन आणि पोस्टसीझन मिळून ४८ पैकी ४८ सेव्ह्ज. वर्ल्ड सीरिजचा शेवटचा आउटही त्याचाच!

टोपी काढली, मनं जिंकली!
खुद्द रिव्हेराही चुकला. २००४ मध्ये बोस्टनविरुद्ध त्याच्या हातून आघाडी निसटली आणि ३-० ने पुढे असलेले यँकीज सीरिजच हरले. पुढच्या सीझनमध्ये बोस्टनच्या फेनवे पार्कवर त्याचं नाव पुकारताच प्रतिस्पर्धी फॅन्सनी चिडवण्यासाठी टाळ्यांचा कडकडाट केला. साहेब खळखळून हसले, टोपी उंचावली. आणि त्या वर्षाचा हिशोब? ४३ सेव्ह्ज, ईआरए १.३८!

तर मंडळी, निकाल ऐका! कधीच न चुकणारा क्लोजर जगात झालेला नाही. काल मॅच घालवूनही आज त्याच थंड डोक्याने बॉल हातात घेतो, तोच खरा भरवशाचा. पुढच्या वेळी बेसबॉल लागला, तर नवव्या इनिंगला चॅनेल अजिबात बदलू नका!