वाटेचे देणे

चाळीसगावाहून पाटणादेवीकडे जाऊ लागले, की कापसाची आणि मक्याची सपाट शेते हळूहळू मागे पडतात, समोर सातमाळा डोंगराची निळसर भिंत उंच होत जाते, आणि १८ किलोमीटरांची ही वाट संपून डोंगरी नदीच्या काठी पाऊल पडले, की तिन्ही बाजूंनी कडे उभे असलेल्या एका शांत खोऱ्यात आपण येऊन पोहोचलो आहोत, याची जाणीव होते. आज येथे अंजन, पळस आणि सलईचे रान आहे, चंडिकादेवीचे प्राचीन मंदिर आहे, झाडीत उभे असलेले महादेवाचे देवालय आहे. परंतु ज्या पाटण नगराच्या नावाने ही देवी ओळखली जाते, ते नगर मात्र दिसत नाही. ते नाहीसे झाले असे म्हणावे, तर पायाखालची वाट अजून शाबूत आहे. आणि माझी अशी श्रद्धा आहे, की खानदेशातील मध्ययुगीन वस्त्यांचा खरा दप्तरखाना कोणता असेल, तर तो म्हणजे त्यांच्या वाटा.

देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. शके ११२८ च्या, म्हणजे इ. स. १२०६ च्या सुमाराचा हा लेख यादव सम्राट सिंघणाच्या काळातील असून, त्याचे मांडलिक निकुंभवंशीय सोइदेव आणि हेमाडिदेव हे बंधू त्या वेळी या प्रांताचा कारभार पाहत होते. ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ इ. स. ११५० मध्ये सिद्धीस नेणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापन केला, आणि त्या मठाला जे दान मिळाले त्याची नोंद या शिळेवर झाली. भास्कराचार्यांचे स्वतःचे गाव कोणते, याविषयी पंडितांत एकमत नाही. पण त्यांची विद्या ज्या गावाने पोसली, ते गाव हेच, हे मात्र दगडाने सांगून ठेवले आहे.

या लेखाचा बहुतेक भाग संस्कृत आहे. शेवटी मात्र, जेथे देण्याघेण्याचा व्यवहार सांगायचा आहे तेथे, लेखकाने संस्कृत बाजूला ठेवून बाजारात बोलली जाणारी मराठी जवळ केली, आणि त्यामुळे आपल्या भाषेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत या लेखाची गणना होते. पाटणच्या पेठेत जो माल विकावयास येईल त्यावरचा राजाचा हक्क मठाला दिला. ब्राह्मणांनी आपला हक्क सोडला. नगराने गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या दामाचा विसोवा, म्हणजे विसावा हिस्सा, दिला. सुपारीतून काही पोफळे बाजूला काढावयाची ठरली. आणि गावात जितके तेलाचे घाणे चालत, त्या प्रत्येक घाण्यामागे एकेक पळी तेल मठाला द्यावे, असेही ठरले. त्या एका पळीपाशी माझे मन नेहमी थांबते. बैलाच्या संथ फेऱ्यांबरोबर गळणाऱ्या तेलातून पळीभर तेल वेगळे ठेवणाऱ्या तेल्याला ग्रहगणित ठाऊक असण्याचे कारण नव्हते; परंतु ज्या दिव्याखाली ते शिकले जाई, त्यातील तेलाचा वाटा त्याच्या घाण्याचा होता. राजापासून तेल्यापर्यंत सर्वांनी मिळून एक पाठशाळा चालवावी, हा त्या नगराचा पुरुषार्थ होय.

डोंगराच्या अशा आडकोनात एवढी पेठ कशी वसली, हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर पुस्तकापेक्षा पायांनी शोधणे अधिक चांगले. मंदिरामागून निघालेली पायवाट धवलतीर्थाच्या धबधब्याच्या रोखाने रानात शिरते आणि पुढे चढण चढत पितळखोऱ्याच्या लेण्यांपर्यंत जाते. ही लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या हद्दीत मोडतात. परंतु जिल्ह्यांच्या सीमा वाटेला ठाऊक नसतात. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून कोरल्या गेलेल्या या बौद्ध लेण्यांत पैठणच्या गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्यांच्या, कुळातील मितदेवाने स्तंभाचे दान केल्याचा लेख आहे. आणि येथेच सापडलेल्या, आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या यक्षाच्या हातावर कण्हदास नावाच्या सोनाराने आपले नाव कोरले आहे. वरच्या पठारावरून, गोदावरीच्या खोऱ्यातून, खालच्या तापीच्या खोऱ्याकडे उतरणारा माल ज्या खिंडींनी येत असे, त्यांतील ही एक खिंड होती. चढणीपूर्वी किंवा उतरणीनंतर बैलांना पाणी आणि माणसांना सावली मिळेल अशा ठिकाणी तांडे थांबत. तांडे थांबले की बाजार भरे, बाजार भरला की जकात उभी राही, आणि त्या उत्पन्नातून देवालय, मठ, विहीर उभी राही. पाटण हे घाटाचे गाव होते.

या चढणीवर एकदा गुरे राखणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांची गाठ पडली. जुने गाव नेमके कोठे होते, असे मी त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी काठी नदीकडे रोखली आणि म्हटले, “भाऊ, जठे पानी, तठे गाव.” वस्तीच्या इतिहासाचे इतके नेमके सूत्र मला अन्यत्र मिळालेले नाही. याच पाटणे परिसरात १९७० नंतरच्या दशकात पुराणवस्तुसंशोधक डॉ. शं. अ. साळी यांनी उत्खनन केले, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे नक्षी कोरलेले तुकडे आणि मणी मिळाले. त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. यादवांच्या कितीतरी आधीपासून माणूस या पाण्याच्या आश्रयाला येत होता.

जुने गाव ओळखण्याची दुसरी खूण मातीत असते. आपल्या ग्रामव्यवस्थेत पिकाच्या जमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणण्याचा प्रघात होता. शेकडो वर्षे चुलींची राख, भिंतींची माती, शेणसारवण आणि फुटकी भांडी एकावर एक साचून गावाखालची जमीन फिकट व उंच होते. म्हणून चालता चालता काळ्या शिवारात अकस्मात पांढुरकी टेकाडे लागली, पावलागणिक खापरे दिसू लागली, तर तेथे एखाद्या मौज्याची पांढरी निद्रिस्त आहे असे समजावे, आणि आवाज थोडा खाली आणावा.

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात भामेर आहे. त्याची जात निराळी. पाटण घाटाने वाढविले, तर भामेर गडाने सांभाळले. येथे किल्ला डोंगरावर आणि गाव पायथ्याशी अशी फारकत नाही. तटबंदीच्या आतच वस्ती नांदली, आणि कोरीव खांबांच्या जुन्या दरवाजातून आजही गावात प्रवेश होतो. वर चढू लागले की कातळात खोदलेल्या गुहा आणि पाण्याची टाकी एकामागून एक येतात. आणि माथ्यावरून खाली पाहिले की या जागेचे महत्त्व विनासायास समजते. सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणारे व्यापारी मार्ग याच मुलखातून जात. सतराव्या शतकात फ्रेंच रत्नव्यापारी तावेर्निए या बाजूने गेला. त्याच्या प्रवासवृत्तात नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडे ही मुक्कामाची गावे येतात, आणि नवापूरच्या सुवासिक तांदळाचे वर्णनही येते. मालाने लादलेल्या बैलांच्या रांगांना चोर-दरोडेखोरांपासून अभय हवे असे, आणि ते अभय देणारा किल्लेदार त्या मार्गावर आपला हक्क वसूल करी. गडाच्या तटाचा चुनाही अखेर वाटेनेच भरला आहे.

तिसरे गाव थाळनेर. ते उताराचे गाव. ‘उतार’ म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी जागा. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी, सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलखात वसलेले हे गाव मलिक राजा फारुकी याला इ. स. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाकडून जहागिरीत मिळाले, आणि तेथूनच खानदेशच्या स्वतंत्र सत्तेचा उदय झाला. इ. स. १३९९ मध्ये मलिक राजा मरण पावला; त्याच्या वंशजांनी पुढे बऱ्हाणपूर वसविले, आणि इ. स. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत फारुकी घराणे येथे राज्य करीत होते. थाळनेरच्या शिवारात त्यांचे हजिरे, म्हणजे समाधिस्थळे, उभे आहेत. त्यांतील एक अष्टकोनी असून त्याच्या भिंतींवरील नक्षी उतरत्या उन्हात जणू नुकतीच कोरल्यासारखी उठून दिसते. नदीकाठचा किल्ला ढासळला आहे. इ. स. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी दिले. त्या भग्न बुरुजापाशी उभे राहिले असता तापीचे संथ पाणी आणि ती आठवण यांची सांगड मनात सहजी बसत नाही.

घाट, गड आणि उतार या तीन स्थानांवर खानदेशचे मध्ययुग उभे होते. पुढे रेल्वे आली, पक्क्या सडका झाल्या, व्यापाराने आपली वाट बदलली, आणि ही गावे मागे राहिली. ती कोणी जिंकली म्हणून नव्हे, तर कोणी थांबेनासे झाले म्हणून.

म्हणूनच तेथे पुन्हा थांबले पाहिजे. आश्विनापासून माघापर्यंतचा काळ यासाठी उत्तम. पाटणादेवीचे रान गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मोडते, तेव्हा वनखात्याचे नियम पाळावेत, गावचा माहीतगार माणूस सोबत घ्यावा, त्याच्या श्रमाचे मोल द्यावे, आणि दुपारी कळण्याची भाकरी व भरीत गावातल्याच एखाद्या घरी सांगून ठेवावे. खापर उचलून घरी नेऊ नये, कारण जागेवरून हललेले खापर मुके होते. लेखाच्या शिळेला तेल, शेंदूर किंवा रंग लावू नये आणि कोणी लावीत असेल तर हात जोडून थांबवावे.

पूर्वी या वाटेने जाणारा प्रत्येक जण काही देऊन पुढे जात असे: कोणी दामाचा विसोवा, कोणी पोफळे, कोणी पळीभर तेल. आज जकातीची चौकी नाही आणि मागणाराही कोणी नाही. तरी आपले देणे संपलेले नाही. पाटणहून परतताना मी मंदिरात पुन्हा त्या शिळेसमोर उभा राहतो, समईच्या उजेडात अक्षरांच्या ओळी न्याहाळतो, आणि आठशे वर्षांपूर्वीच्या त्या अनाम तेल्याचा हिशेब आपल्या पिढीकडून थकू नये, एवढेच मनाशी म्हणतो.